चार बोटांवर शिवडी

गुरुवार

तुतारी एक्स्प्रेसनं दादरला उतरलो तेव्हा पुरतं उजाडलं नव्हतं, पण पुलाखालचा फुलबाजार कधीचा जागा झाला होता. शनिवारी आत्याचं वर्षश्राद्ध आणि रविवारी तिच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या पालकांनी ठेवलेला आठवणींचा कार्यक्रम. खरं तर शुक्रवारी रात्री निघालो असतो तरी चाललं असतं. पण आतेभावाचा फोन आला होता. "आईच्या वह्या माळ्यावर पडल्यात. चाळ पाडणार आहेत, मार्चअखेर खोली रिकामी करायचीय. तू एकदा नजर टाक, मग रद्दीवाल्याला बोलावतो."

स्लो पकडून करी रोडला उतरलो. लालबागमध्ये आता टॉवर इतके झालेत की ओळखीची गल्ली सापडेपर्यंत मान दुखते. मसाल्याचा वास मात्र जागच्या जागी आहे. चिपळूणला आमच्याकडे वर्षाचा मसाला इथूनच यायचा. आत्या स्वतः मिरच्या निवडून कांडपावर उभी राहायची आणि डब्यावर तारीख लिहायची. तारखा लिहायची सवय तिला सगळ्यातच होती.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. मध्य मुंबईतल्या एका अनुदानित विशेष शाळेत तिनं 1974 ते 2008 शिकवलं. त्या काळात पाटीवर सरळ 'मतिमंद मुलांची शाळा' असं लिहिलेलं असायचं. गावचे नातेवाईक आधी म्हणायचे, "वेड्यांच्या शाळेत असते." पुढे वारं फिरलं आणि तेच लोक म्हणायला लागले, "केवढं पुण्याचं काम करते!" आत्याला हे दुसरं जास्त झोंबायचं. पहिल्याला निदान उलट उत्तर देता येतं, पुण्याला काय देणार, असं ती म्हणायची.

पुण्याबद्दलच्या तिच्या रागाला कारण होतं. आतोबा गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांतले आतोबा पुन्हा आत गेलेच नाहीत. नंतर त्यांनी वॉचमनकी केली, काही दिवस भावाच्या दुकानात बसले. पण घर चाललं ते आत्याच्या पगारावर. दोन पोरांची शिक्षणं, सासूचं ऑपरेशन, आमच्या घरच्या लग्नातला तिचा आहेर, सगळं त्यातून. तिला कुणी 'सेवाव्रती' म्हटलं की ती शांतपणे म्हणायची, "सेवा कसली? नोकरी आहे माझी. फक्त अवघड आहे, म्हणून नीट शिकून करावी लागते."

आणखी एक सल होता. आपल्याकडे विशेष शाळा शिक्षण खात्याच्या अखत्यारीत नव्हत्या, समाजकल्याणच्या होत्या. "म्हणजे कागदावर मी मुलांना शिकवत नव्हतेच," ती म्हणायची, "त्यांचं कल्याण करत होते."

दुपारी वह्या काढल्या. धूळ झाडता झाडता आतेभाऊ शिंकून बेजार झाला आणि खाली चहाला गेला, तो तासाभरानं आला. तोवर मी पहिल्याच वहीत अडकलो होतो.

दोनशेपानी, पुठ्ठ्याची, लाल कडेची वही. वर मुलाचं नाव, खाली एक काम. एका पानावर 'चहा करणे'. त्याच्या 23 पायऱ्या पाडलेल्या. भांडं घेणे ही एक पायरी आणि भांडं कुठल्या फळीवर आहे ते बघणे ही त्याच्या आधीची वेगळी. पायऱ्यांचे आकडे वरून खाली लिहिलेले, पण शिकवायचा क्रम भलताच. आधी 'गॅस बंद करणे', आणि 'गॅस पेटवणे' अगदी शेवटी. बंद करणं हातात बसल्याशिवाय पेटवायला हात लावू द्यायचाच नाही. समोर तारखांचे रकाने आणि त्यात तीनच खुणा: 'हा', 'सां', 'स्व'. हात धरून केलं, सांगितल्यावर केलं, स्वतः केलं. एका ओळीत जूनपासून डिसेंबरपर्यंत नुसते 'हा'. जानेवारीत एक 'सां'. मग पुन्हा आठवडाभर 'हा', कारण मूल तापानं आजारी होतं, तसं कडेला लिहिलंय. मार्चच्या एका शनिवारी 'स्व'. त्यापुढे उद्गारचिन्ह वगैरे काही नाही. दुसऱ्या ओळीला सुरुवात.

हल्ली याला आयईपी म्हणतात, म्हणजे प्रत्येक मुलाचा वेगळा शैक्षणिक आराखडा, आणि त्याचा छापील फॉर्म असतो. आत्याच्या वहीत नसलेला एकच भाग त्यात असतो, तो म्हणजे सही-शिक्क्याची जागा.

माळ्यावर एक लाकडी फळीही निघाली. तिच्यावर कॅनव्हासच्या बुटाचा वरचा भाग खिळ्यांनी ठोकलेला, आठ भोकं, एक बाजूची लेस लाल आणि दुसरी पांढरी. ही मला आठवत होती. लहानपणी मे महिन्यात आलो की मी तिच्यावर खेळायचो. आत्यानं मलाही बुटाची लेस उलटीच शिकवली होती. पूर्ण गाठ ती मारायची, शेवटचे दोन कान ओढायचे तेवढे मी. ते जमलं की त्याआधीची एक पायरी माझ्याकडे यायची. अशानं मूल रोज काम पुरं करून उठतं. सुरुवातीपासून शिकवलं तर रोज अर्ध्यातच अडकतं आणि उरलेलं मोठं माणूस उरकून टाकतं. ही पद्धत तिनं शोधलेली नव्हे, प्रशिक्षणात शिकवतात. पण कुठल्या मुलाला किती आधी सोडायचं, हे प्रशिक्षणात कसं शिकवणार?

शुक्रवार

आज आत्याच्या एका विद्यार्थ्याबरोबर प्रवास. वय पन्नाशीच्या पुढचं, म्हणून मी त्यांना दादाच म्हणालो. भावाच्या कुटुंबासोबत कुर्ल्याला राहतात आणि शिवडीच्या बाजूला एका कार्यशाळेत फायली नि कागदी पिशव्या बनवायला जातात. 1988 पासून एकटे जातात. मी आत्याचा भाचा म्हटल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "पास आहे?" नव्हता. "तिकीट काढ." रांगेत माझ्याबरोबर उभे राहिले.

दादांना वाचता येत नाही. आकडे पाचपर्यंत पक्के. कुर्ल्याहून सीएसएमटीकडे जाणारी हार्बर लोकल पकडली की चुनाभट्टी, जीटीबी नगर, वडाळा रोड, शिवडी. चौथं स्टेशन. आत्यानं त्यांना ते बोटांवर दिलं. डाव्या हाताची चार बोटं उघडी ठेवायची, स्टेशन आलं की एक मिटायचं, मूठ झाली की उतरायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण लोकल सिग्नलला मध्येच थांबते. म्हणून नियम असा, की गाडी थांबली म्हणून बोट मिटायचं नाही, फलाट दिसला की मिटायचं. चुनाभट्टीच्या अलीकडे गाडी खरोखरच रखडली. मी दादांच्या हाताकडे पाहत होतो. अंगठा आत, चारही बोटं ताठ, ढिम्म हलली नाहीत. डब्यात कुणाचंही लक्ष नव्हतं. जीटीबीला पूर्वी कोळीवाडा म्हणायचे. स्टेशनचं नाव बदललं त्याचा दादांना काडीइतका त्रास झाला नाही.

परतीचं गणित जास्त अवघड. वडाळ्याला हार्बरचे दोन फाटे होतात, एक कुर्ल्याकडे आणि दुसरा माहीम-वांद्र्याकडे. शिवडीच्या फलाटावर दोन्हीकडच्या गाड्या येतात. दादांना अख्खं नाव वाचता येणार नाही, म्हणून आत्यानं अक्षरांची चित्रं करून शिकवली. 'बां' आणि 'अं' दिसलं तर चढायचं नाही. काही वर्षं हे सुरळीत चाललं. 1992 साली गाड्या खाडी ओलांडून वाशीपर्यंत जायला लागल्या आणि गाडीवर 'वा' आलं. आधी न पाहिलेलं अक्षर. दादा तीन गाड्या सोडून फलाटावरच बसून राहिले. घाबरून भलत्या गाडीत चढण्यापेक्षा बसून राहिले हे उत्तमच, आणि तेही शिकवलेलंच होतं. पुढे बेलापूर, पनवेल आलं. प्रत्येक वेळी आत्या आठवडाभर शाळा सुटल्यावर शिवडी स्टेशनावर.

2018 मध्ये अंधेरीच्या पुढे गोरेगावपर्यंत हार्बर गेली. आत्या निवृत्त होऊन दहा वर्षं झालेली, गुडघे गेलेले. दादांच्या भावजयीनं सहज फोनवर सांगितलं, की हल्ली उशिरा येतात, गाड्या सोडतात. दुसऱ्या दिवशी आत्या टॅक्सी, गाडी, जिना असं करत शिवडीला हजर. पुठ्ठ्यावर मार्करनं 'गो' काढून आणलेला. दादांनी आज मला इंडिकेटरकडे बोट करून दाखवलं. "गो. नको." आणि हात झटकला, आत्या झटकायची तसाच.

एक गंमत सांगायलाच हवी. बौद्धिक अक्षमता असलेल्यांना रेल्वेची सवलत मिळते, पण ती सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्यांना. दादा एकटे जातात म्हणजे सवलतीत बसत नाहीत. भाऊ सुरुवातीला म्हणाला होता की दाखला तर काढून ठेवू. आत्यानं त्याला झापलं. पंधरा महिने खपून याला एकटं जायला शिकवलं आणि आता तो जाऊ शकत नाही असं लिहून आणणार? दादा तेव्हापासून पूर्ण पैशांचा पास काढतात. पास दाखवताना चेहऱ्यावर जो ताठा येतो तो सवलतीत आला नसता, हे माझं मत.

शिवडीला उतरल्यावर चहा घेतला. पैसे दादांनीच दिले. पाकिटात वेगवेगळे कप्पे, प्रत्येकात एका किमतीच्या नोटा. नोट ओळखायची रंगावरून, हे आत्याचंच. त्यात 2016 ची नोटाबंदी आली आणि पाठोपाठ एकेका नोटेचा रंग बदलत गेला. पन्नासची निळी, दहाची चॉकलेटी, शंभरची जांभळट. जुन्या नोटाही चालूच राहिल्या. म्हणजे एकाच किमतीच्या दोन रंगांच्या नोटा. आपण दोन दिवस कुरकुरलो नि विसरलो. इकडे कित्येकांचं वर्षांचं शिकणं त्यात गेलं. दादांच्या पाकिटात प्रत्येक कप्प्याच्या आत पारदर्शक टेपखाली दोन्ही नोटांच्या रंगीत झेरॉक्सचे तुकडे लावलेत. कुणाचं काम, विचारलं नाही. तुकड्याच्या कोपऱ्यात तारीख होती.

दादा कामावर गेले. मला थांबू दिलं नाही, "काम असतं" म्हणाले.

मग मी एकटाच भटकलो. शिवडीच्या टेकडीवर जय वकील शाळा आहे. एका पारशी कुटुंबानं आपल्या मुलीसाठी 1944 मध्ये सुरू केलेली. बौद्धिक अक्षम मुलांसाठीच्या देशातल्या अगदी जुन्या शाळांपैकी ती एक. तिथून पुन्हा हार्बरनं डॉकयार्ड रोड आणि चालत माझगावला, नेसबिट रोडवर. इथली मूकबधिरांची शाळा 1885 ची, देशातली पहिली मानतात. दादरची अंध मुलींची शाळा 1900 ची, ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल 1902 ची. हे आकडे आत्याला तोंडपाठ होते आणि ती त्यांचा एक हिशेब मांडायची: न ऐकणाऱ्या मुलांनंतर आपल्या मुलांचा नंबर लागायला या शहरात जवळपास साठ वर्षं गेली, न दिसणाऱ्यांनंतर चाळीसहून जास्त. "आंधळ्याची दया लवकर येते. आमच्या पोरांची आधी लाज येते, दया मागून." तिचं हे बोलणं दोन्हीकडच्या शिक्षकांना आवडायचं नाही.

कायदे तर आणखी उशिरा आले. 1995 चा अपंग व्यक्तींचा कायदा आला तेव्हा आत्याची निम्म्याहून जास्त नोकरी झाली होती. 2016 च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून 21 वर नेले. ती यादी तिनं वर्तमानपत्रातून कापून कपाटाला आतून चिकटवली होती. कपाट आता आतेभाऊ विकणार आहे.

शनिवार

वर्षश्राद्ध. भटजी वेळेवर आले, पिंड झाले, कावळा लवकर शिवला. भाजणीचे वडे, खीर, अळूची भाजी. जेवून सगळे आडवे झाले. संध्याकाळी चिवडा गल्लीतून चिपळूणसाठी दोन किलो चिवडा घेतला. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

रविवार

कार्यक्रम दादरला, अकरा वाजता, आणि हार्बरवर मेगाब्लॉक. आयोजकांच्या डोक्यात आलं नव्हतं, यायला हवं होतं. मुंबईत रविवारचा कार्यक्रम ठरवताना आधी ब्लॉक बघतात. निम्मे लोक तासभर उशिरा आले. दादा भावाबरोबर बसनं आले. रविवारी ते एकटे निघतच नाहीत, तेही ठरलेलं.

छोटा हॉल. स्टेजवर फोटो, हार, समई. पहिली तीन भाषणं ठरलेल्या वाटेनं गेली. त्यागमूर्ती, देवदूत, ममतेचा झरा. तिसरे पाहुणे म्हणाले, बाईंकडे अपार धीर होता. आतेभाऊ माझ्या कानाशी पुटपुटला, "धीर? आई रांगेत पाच मिनिटं उभी राहायची नाही."

मग सत्तरीच्या पुढच्या एक बाई उठल्या. साडीचा पदर खोचलेला, माईक नको म्हणाल्या. त्यांची मुलगी अकरा वर्षांची होईपर्यंत त्या तिला स्वतः भरवत होत्या. शाळेत पहिल्याच महिन्यात आत्या त्यांना सगळ्यांदेखत म्हणाली, "आई, तुम्ही हिचे हात बांधून ठेवलेत." त्या रडत घरी गेल्या. नवरा म्हणाला, शाळा बदलू. दुसरी शाळा नव्हती, म्हणून बदलली नाही. "मग बाई आमच्या घरी यायला लागल्या. संध्याकाळी, जेवायच्या वेळेला. मला स्वयंपाकघरातून बाहेर काढायच्या. मी पॅसेजमध्ये उभी. आत ताट आपटल्याचा आवाज. वरणभात भिंतीवर. मी आत जाणार तर बाई दाराला पाठ लावून उभ्या." किती दिवस, कुणीतरी विचारलं. "पावसाळा सुरू झाला तेव्हा आल्या आणि दिवाळीत माझी पोरगी सगळ्यांबरोबर पंगतीत जेवली. मला बाई कधीच आवडल्या नाहीत. आज आल्ये कारण आता मी तिला भरवायला उरणार नाही, आणि त्याचा मला घोर नाही." एवढं बोलून त्या बसल्या. मुलगी शेजारीच होती, पन्नाशीची, बटाटेवडा खात होती. वडा आधी उघडून थंड करत होती.

नंतर मला बोलायला सांगितलं. मी भाषण केलं नाही, एका वहीतलं पान वाचलं, मुलीचं नाव गाळून. 1991 ची नोंद आहे. 'वाचन: शक्य नाही. वेळ घालवू नये. व्यवहार शिकवणे.' त्यावर तिरकी रेघ आणि खाली वेगळ्या शाईत, तीन वर्षांनंतरची तारीख: 'चूक. आज पिशवीवरचं दूध वाचलं. घरी आजोबांनी शिकवलं. पुन्हा सुरू.' मागच्या रांगेतून एक तरुण शिक्षिका पुढे आली, तिला पानाचा फोटो हवा होता. मी मोबाइल पुढे केला तसं तिनंच आधी पानावरचं नाव हातानं झाकलं. मग म्हणाली, वह्या रद्दीत देऊ नका, पण कुणाला देण्याआधी सगळी नावं काढा, मुलांची घरं अजून इथेच आहेत. रात्री मी आणि आतेभाऊ जमिनीवर वह्या पसरून बसलो. मी नावांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवत होतो. तो डिंक संपला म्हणून दोनदा खाली गेला आणि तिसऱ्यांदा गेला तेव्हा स्वतःच पट्ट्या कापायला बसला. त्याला त्यातली निम्मी नावं माहीत होती. लहानपणी कोण घरी यायचं, कोण त्याचा भोवरा घेऊन गेलं ते परत द्यायलाच आलं नाही, असं काय काय सांगत राहिला. रद्दीवाल्याचा विषय पुन्हा काढला नाही.

सोमवार

दादरहून सकाळची मांडवी. बॅगेत चिवडा, वह्यांचा एक गठ्ठा, लेसची फळी. बाकीच्या वह्या त्या शिक्षिकेला दिल्या.

माणगावच्या पुढे रेंज आल्यावर बायकोच्या मैत्रिणीला फोन लावला. ती आमच्या तालुक्यात विशेष शिक्षिका आहे, कंत्राटी, आठवड्याला स्कूटीवरून सात-आठ शाळा फिरते. मी मोठ्या उत्साहानं फळीबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "दादा, पोरांच्या बुटांना आता वेल्क्रो असतो. लेस कोण बांधतंय? बटणांची आहे का?" बटणांची नव्हती. मग वह्यांबद्दल सांगितलं, 'हा', 'सां', 'स्व' समजावलं. ती ऐकत राहिली आणि मध्येच म्हणाली, "एक विचारू? त्यांना पगार वेळेवर मिळायचा का हो?"

मी वही उघडली. असं कुठेतरी वाचल्याचं आठवत होतं. 1984 च्या वहीत, एका मुलाच्या 'दात घासणे'च्या पानाच्या कडेला बारीक अक्षरात सापडलं: 'मार्चचा पगार जुलैत. वाण्याचे 340 द्यायचे.' आणि त्याच तारखेच्या रकान्यात 'सां'.

"जुलैत," मी म्हटलं.

"बघा," ती हसली, "ती वही आधी पाठवा."